चार बोलींचं घर

नांदेडच्या गाडीपुऱ्यातल्या आमच्या वाड्यात दिवसभर चार बोली चालत. आजोबा आणि त्यांचे सोबती ओसरीवर बसले की उर्दूत बोलायचे. शाळेत शिकलेली, कागदावरची उर्दू. आजीचं माहेर देगलूरच्या पलीकडचं. तिकडं निम्मं गाव तेलुगू बोलायचं, म्हणून कासारीण आली, चिंच विकणारी आली, की आजीचा सगळा हिशेब तेलुगूत. थोरली काकू उदगीरकडची. तिला राग आला की कन्नड सुरू व्हायचं आणि आम्ही पोरं ओळखायचो, आता परसात पळायला पाहिजे. उरलेला कारभार मराठीत, आणि त्या मराठीत दख्खनीचे इतके शब्द मिसळलेले की पुण्याचा पाहुणा आला तर त्याला दोनदा विचारावं लागायचं. हैदराबाद संस्थानात जन्मलेल्या माणसांचं हे रोजचं जगणं होतं. कचेरी एका भाषेत, बाजार दुसऱ्या, देवघर तिसऱ्या. कुणाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

आम्ही चुलत-मावस भावंडं लग्नाकार्यात भेटलो की रात्री गाद्या टाकल्यावर हटकून त्या पिढीचा विषय निघतो. कोण शेवटपर्यंत शाबूत राहिलं, कोण लवकर विसरायला लागलं, कुणाला चळ लागला असं आपण म्हणत होतो आणि खरं काय झालं होतं. आमच्यातली ताई डॉक्टर आहे. तिनं चाळीस वर्षं दवाखान्यात म्हातारी माणसं पाहिली आहेत, आणि घरातल्यांकडं ती आता नव्यानं पाहते. आम्ही स्वतः साठीला आलो, हेही या विषयाचं एक कारण असणार.

ताईनंच एकदा हैदराबादच्या अभ्यासाची गोष्ट सांगितली. तिथल्या निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या 648 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. 2013 साली तो अभ्यास छापून आला. एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्या माणसांना हा आजार एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसांतही हा फरक होता. जगातल्या सगळ्याच अभ्यासांत तो इतका ठळक दिसलेला नाही, हे ताईनं लगेच सांगितलं. पण ते रुग्ण तेलुगू, दख्खनी, हिंदी बोलणारे, आपल्याच जुन्या संस्थानातले. ऐकता ऐकता आमच्यातल्या प्रत्येकाला आजोबा आठवले.

आजोबांना नव्वदीपर्यंत माणसांची नावं, त्यांच्या बापांची नावं आणि त्यांच्या शेतांच्या चतुःसीमा पाठ होत्या. याचं श्रेय आम्ही कायम तुपाला आणि गोदावरीच्या थंड पाण्याच्या आंघोळीला देत आलो. मला आता दुसरं काहीतरी दिसतं. पोलीस ॲक्शननंतर, आणि 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात गेल्यावर, कचेरीतली उर्दू मागं पडत गेली. पण जमिनीचे जुने कागद तसेच राहिले. सेतवार, मुंतखब, खरेदीखतं, सगळं उर्दूत. नव्या पोरांना ते वाचता येईना. मग लोह्याहून, कंधारहून, मुखेडहून माणसं धोतराच्या सोग्यात नाहीतर बिस्किटाच्या डब्यात कागद घालून आमच्या ओसरीवर यायची. आजोबा भिंग लावायचे, कागदाची घडी फाटू नये म्हणून खाली पाट घ्यायचे, आणि उजवीकडून डावीकडं बोट सरकवत एकेक ओळ मोठ्यानं उर्दूत वाचायचे. मग डोळे मिटून तीच ओळ मराठीत सांगायचे. समोरच्याचा पोरगा वहीत उतरवून घ्यायचा. एखादं अक्षर लागलं नाही तर आजोबा त्या गावाची सगळी माहिती विचारायचे, ओढा कुठं, शीव कुठं, शेजारी कोण, आणि त्यावरून अक्षर लावायचे. एका कागदाला दोन-दोन तास जायचे. पैसे घ्यायचे नाहीत. भुईमुगाच्या शेंगा, हुरडा, आंबे घरात येऊन पडायचे.

नव्वदीतल्या माणसाला या कामात काय काय करावं लागत होतं! दोन भाषांमधून जाणं, नजर, तर्क, स्मरण, नव्या माणसाशी बोलणं. शिवाय आपण गेलो तर हे काम अडेल, ही जाणीव. त्यांना कुणी 'आता आराम करा' म्हणालं नाही, कारण घराबाहेर माणूस कागद घेऊन उभा होता. आजच्या घरांत म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं काम आपण प्रेमानं काढून घेतो. ते प्रेम खरंच असतं, पण त्यानं होणारं नुकसानही तितकंच खरं असतं, असं माझं ठाम मत आहे.

आजोबांचे धाकटे भाऊ म्हणजे आमचे तात्या. एकच रक्त, एकच घर, एकच अन्न. पण तात्या सत्तरीतच हरवले. ते उस्मानशाही कापडगिरणीत साचेखात्यात होते. शेकडो साच्यांचा तो खडखडाट मी लहानपणी दारातून ऐकला आहे. आत माणसं एकमेकांशी खुणांनी बोलायची. तीस वर्षं त्या आवाजात काढल्यावर कान राहणार कसे? आधी ते "काय म्हणलालास?" असं विचारायचे. दोनदा-तीनदा विचारून झालं की पोरं कंटाळायची, 'काही नाही तात्या' म्हणायची. मग तात्यांनी विचारणंच सोडलं. ओसरीवर सगळे हसले की तेही हसायचे, थोडे उशिरा. पुढं ओसरीवर यायचे बंद झाले. मागच्या खोलीत बाजेवर बसून राहायचे. तात्या माणूसघाणे झाले, असा घरात सगळ्यांनी निकाल दिला. आणखी काही वर्षांनी ते होळी भागातल्या नदीच्या घाटावर गेले आणि घरचा रस्ता विसरले.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं 2024 साली स्मृतिभ्रंशाच्या अशा 14 कारणांची यादी दिली, ज्यांच्यावर माणसाला काही करता येतं. सगळ्यांवर वेळीच उपाय झाला तर सुमारे 45 टक्के आजार टळू शकेल किंवा लांबवता येईल, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात अगदी वरच्या कारणांमध्ये ऐकू कमी येणं आहे. कान गेला की मेंदूला जे मिळायचं तेच बंद होतं, शिवाय बोलणं समजून घेण्यातच त्याची ताकद खर्च होते, आणि माणूस माणसांतून उठतो. तात्यांच्या बाबतीत हे तिन्ही आमच्या डोळ्यांदेखत झालं. चष्मा लागला तर कुणाला लाज वाटत नव्हती, कानाचं मशीन म्हटलं की 'मी काय बहिरा हाव का?' अजूनही आमच्याकडं तेच आहे.

आजीबद्दल बोलताना आमचा आवाज बदलतो. तिला शाळा मिळाली नाही. त्या काळात निझामी मुलखातल्या किती मुलींना मिळाली असेल? भाऊ मदरशात, मग हायस्कुलात गेले. ती जात्यावर बसली. शाळेतली वर्षं मेंदूला म्हातारपणासाठी काहीतरी साठवून देतात, असं आता सगळीकडचे अभ्यास सांगतात. भारतात 'लासी' या देशव्यापी पाहणीच्या आधारानं जो हिशेब निघाला, त्यात साठीपुढच्या माणसांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण 7.4 टक्के, म्हणजे देशभरात सुमारे 88 लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त, शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत जास्त. मराठवाड्यातल्या खेड्यातली माझ्या आजीच्या वयाची बाई या तिन्ही ठिकाणी चुकीच्या बाजूला उभी होती. जुन्या वाड्याचं कौतुक करताना मी हे विसरू शकत नाही. चार बोलींचं ते घर मुलींच्या बाबतीत कंजूस होतं. वर चुलीचा धूर, आठ बाळंतपणं, आणि रक्तदाब कधी मोजलेलाच नाही. शेवटी एकदा मोजला तेव्हा मोजणारा दचकला.

तरीही ती अडाणी होती असं कुणी म्हणू नये. श्रावणातल्या सगळ्या कहाण्या, कुणाच्या लग्नात कुणी काय आहेर केला, पंचवीस माणसांच्या स्वयंपाकाला किती ओंजळी डाळ, सगळं डोक्यात. बोटांच्या पेरांवर मोजत ती महिन्याचा हिशेब जुळवायची. तिला तपासायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी तारीख विचारली, साल विचारलं, शंभरातून सात वजा करत जा म्हणाले. ती गप्प बसली. ताई तेव्हा शिकत होती. ती म्हणाली, "तिथी विचारा." आजीनं तिथी सांगितली, नक्षत्र सांगितलं, आणि येत्या आठवड्यात कुणाचं श्राद्ध आहे तेही. न शिकलेल्या माणसाची परीक्षा त्याच्या जगातल्या गोष्टींवरून घ्यावी, म्हणून पुढं 1990 च्या दशकात उत्तर भारतात हिंदीतून वेगळी चाचणी तयार झाली. आजीच्या वेळी ती नव्हतीच.

आजी पुढं माणसं ओळखेनाशी झाली. दारात आलेल्या नातवाला 'कोण रे तू?' म्हणायची. सगळ्यांनी मान डोलावली, साठी बुद्धी नाठी, ही तर पंच्याऐंशीची. मग मोतीबिंदूचं शिबिर आलं, कुणीतरी तिला नेलं, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर तिनं माझ्या चुलतभावाला नावानं हाक मारून विचारलं, 'किती वाळलास रे?' विसरलेली नव्हतीच ती. तिला दिसत नव्हतं.

लातूरचं आजोळ वेगळं. तिथले आजोबा, आमचे नाना, अडत दुकानात मुनीम. पावकी, निमकी, दिडकी, औटकी सगळी तोंडपाठ. तुरीचं पोतं काट्यावरून उतरायच्या आत त्यांचा आकडा तयार. साखर आणि रक्तदाब दोन्ही होते. गोळ्या मिळत, पण "बरं वाटलालंय की आता, गोळी कशाला" म्हणून महिना-महिना बंद. एका सकाळी तोंड वाकडं झालं, संध्याकाळी सरळ झालं, आणि घरानं देवापुढं नारळ फोडला. वर्षभरानं पुन्हा तसंच. दर वेळी ते थोडे उतरायचे आणि मग तिथंच थांबायचे. मेंदूतल्या रक्तवाहिन्या एकेक करून बंद पडत गेल्या की पुष्कळदा असं होतं, एकदम एक पायरी खाली, पुन्हा काही महिने सपाट. त्या गोळ्या नियमानं घेतल्या असत्या तर काय झालं असतं, हा प्रश्न मामा अजून विचारतो.

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, मध्ये जगदंबेचं देऊळ. नाना शेवटच्या वर्षांत त्या देवळापाशी येऊन थांबायचे. कोणता रस्ता आपला, हे सुचायचं नाही. पण ते तिथं पाच मिनिटंसुद्धा एकटे नसायचे. कुणी भांड्यांचा दुकानदार, कुणी हमाल, कुणी बांगडीवाला हाक मारायचा, 'नाना, या, च्या घ्या.' चहा व्हायचा, दोन पोत्यांचे भाव विचारले जायचे, नाना ते बरोबर सांगायचे, आणि दुकानातला पोऱ्या त्यांना घरापर्यंत सोडून यायचा. हे इतकं सहज चालायचं की नाना रस्ता विसरतात हे घरात कळायलाच दोन वर्षं लागली. त्या माणसांचे उपकार फिटणार नाहीत. पण त्यांच्या मायेखाली आजार झाकला गेला, उपचाराची वेळ निघून गेली, हेही खरंच. दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी मान्य आहेत.

आता मावशीचं. औसा तालुक्यात तिचं घर होतं. दगडमातीच्या हातभर जाड भिंती, वर माळवद. 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून माणसं थकून झोपलेली. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद, आताचं धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या घरात माणसं गेली. मावशी वाचली, काका गेले, एक सून गेली. तिचं वय तेव्हा साठच्या पुढं.

त्यानंतर तिची झोप गेली. रात्री माळवदाखाली निजायची नाही म्हणता म्हणता कुठल्याच छपराखाली निजेना. सगळा गावच दुःखात, तेव्हा एकट्या म्हातारीचं उदासपण वेगळं कोण पाहणार? दीर्घ नैराश्य हेही त्या 14 कारणांतलं एक आहे. पण मावशीला खरं मोडलं ते नव्या गावानं, असं तिच्या मुलीचं म्हणणं, आणि मला ते पटतं. पुनर्वसनाचं गाव जुन्या गावापासून लांब, माळावर. सरळ रुंद रस्ते, एकासारखं एक घर. राहायला सुरक्षित, त्याबद्दल वाद नाही. पण जुन्या गावात मावशीचे पाय आपोआप चालायचे. लिंबाच्या पाराला वळसा, मारुतीला हात, सुताराच्या भिंतीला टेकून घटकाभर बोलणं, मग विहीर. नव्या गावात वळणच नव्हतं. शेजारीणसुद्धा बदललेली, कारण घरं दुसऱ्याच हिशेबानं वाटली गेली. ती भलत्याच घरात शिरायची आणि चुलीपुढं जाऊन बसायची. लोक समजून घ्यायचे. तिच्या लेकानं दाराला गडद निळा रंग दिला, वर लाल गेरूनं स्वस्तिक काढलं, तेव्हा काही दिवस जमलं.

एक दिवस मात्र ती पुरती सावरलेली असायची. येळवस. मार्गशीर्ष संपता संपता येणारी वेळ अमावस्या म्हणजे लातूर जिल्ह्याचा खरा सण. त्या दिवशी गावं रिकामी आणि शेतं भरलेली. कडब्याची कोप उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे. मावशीला तारीख, वार, सुनेचं नाव, काही सांगता यायचं नाही, पण भज्जी तिच्याशिवाय होत नसे. हरभऱ्याचे घाटे, तुरीच्या शेंगा, वाल, पातीचा कांदा, चिंचेचा कोळ, बेसन. काय आधी, काय नंतर, हाताला माहीत. बेसन लावताना ती एका हातानं पीठ सोडायची आणि दुसऱ्या हातानं घोटायची, गाठ एक नाही. मध्येच चव न घेता म्हणायची, 'मीठ कमी हाय.' आणि असायचं. आंबिलीत लसूण किती हे विचारलं तर सांगता यायचं नाही. लसणाचा गड्डा हातात दिला की पुरेशा पाकळ्या सोलून मोकळी. सवयीनं शिकलेलं हाताचं काम मेंदूच्या वेगळ्या भागांत राहतं आणि सगळ्यात शेवटी जातं, हे ताईनं सांगितलं. मावशीच्या सुनेनं ते कुणी न सांगता ओळखलं होतं. ती रोज तिच्यापुढं निवडायला तांदूळ ठेवायची. निवडून झाले की रात्री त्यात पुन्हा दोन-चार खडे टाकायची आणि सकाळी तेच ताट पुढं करायची. कुणाला ही फसवणूक वाटेल. माझ्या दृष्टीनं आमच्या सगळ्या घराण्यात म्हाताऱ्या माणसाची इतकी समजूतदार सेवा दुसरी कुणी केली नाही.

थोरल्या काकूची गोष्ट लिहायलाच हवी, कारण ती आमच्यासारख्या कितीतरी घरांत घडते. मे महिना, नांदेडचं ऊन. काकूला रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी चालू. कुणीतरी मीठ कमी करा म्हणालं, काकूनं मीठ बंदच केलं. अन्नावर वासना नाही, नुसतं पाणी. एका संध्याकाळी ती एकाएकी बरळायला लागली. सगळं कन्नडात. मुलाला भाऊ समजून उदगीरच्या घराचं दार उघड म्हणू लागली. आली ना वेळ, असं सगळे म्हणाले. कुणी रडायला लागलं, कुणी देवऋषी सुचवला. ताईनं फोनवर एकच प्रश्न विचारला, "कधीपासून?" कालपासून म्हटल्यावर ती म्हणाली, "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या." रक्तातलं सोडियम फार उतरलं होतं. ते हळूहळू भरून काढल्यावर चार-पाच दिवसांत काकू उठून बसली आणि मराठीत चहा मागितला. त्यानंतर कितीतरी वर्षं ती शहाणीसुरती जगली. स्मृतिभ्रंश महिन्यांनी, वर्षांनी वाढतो. एका रात्रीत बिघडलेलं डोकं म्हणजे बहुतेक वेळा मीठ, लघवीतला जंतुसंसर्ग, ताप, एखादी गोळी, असलं काहीतरी दुसरंच असतं आणि पुष्कळदा बरं होतं. थायरॉइड किंवा बी-12 कमी असल्यानं हळूहळू आलेला विसरही उपचारानं सुधारू शकतो. शाकाहारी घरातल्या म्हाताऱ्यांत बी-12 कमी असणं नवं नाही. रक्ताच्या साध्या तपासणीत हे कळतं, आणि आमच्याकडं तरीही आधी चळ, मग तपासणी, असाच क्रम चालत आला.

वाड्यातल्या त्या पिढीतली आता धाकटी काकू तेवढी उरली आहे. लातूरला एकटी राहते. गेल्या दिवाळीपासून तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते, गॅसवर दूध ठेवून विसरते. आमच्यात यावरून भांडण झालं. आमच्यातल्या दादाचं म्हणणं, पुण्याला न्यावं. फ्लॅट मोठा आहे, बाई ठेवू, चांगले दवाखाने जवळ आहेत. त्याची माया आम्हाला माहीत आहे. ताईचं म्हणणं, नाही. पुण्यात अकराव्या मजल्यावर काकू दिवसभर कुणाशी बोलणार? सून-नातू रात्री आठला येतात, लिफ्टमधली माणसं ओळख देत नाहीत. लातुरात तिची भिशी आहे, एकादशीचं भजन आहे, खालच्या दुकानदाराशी रोजची हुज्जत आहे. मी ताईच्या बाजूनं बोललो, जरा चढ्या आवाजात बोललो. दादाला ते लागलं. तो म्हणाला, "आणि रात्री ती पडली तर?" त्याला उत्तर कुणाकडंच नव्हतं, आणि अजूनही पुरतं नाही.

सध्या ठरलंय ते एवढं. काकू लातूरलाच राहील. रात्री सोबतीला वरच्या खोलीत शिकायला आलेल्या दोन मुली, क्लासवाल्या. त्यांचं भाडं माफ. गॅस आपोआप बंद होणारी शेगडी. कानाची तपासणी झाली, उजवा कान निम्मा गेलाय. मशीन घ्यायला ती नाही म्हणते, पण मुलींनी समजूत घातल्यावर घेईन म्हणाली. बी-12 ची इंजेक्शनं सुरू आहेत. रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा रविवारी मामा भरून जातो. या मुलींच्या परीक्षा मेमध्ये आटोपल्या की त्या गावी जातील. पुढच्या मुली येईपर्यंतचे दोन महिने कुणी जाऊन राहायचं, यावर दादा म्हणाला की पहिला महिना तो रजा काढतो.